हक्काच्या गौरी

पाठकबाईंना राग आला की त्या पेन्सिलीला टोक करायला घेत. शार्पनर त्यांना चालत नसे. ड्रॉवरमधून अर्धं ब्लेड काढायचं, कागदाचा तुकडा पसरायचा आणि बारीक बारीक सालं काढत बसायचं. समोरचा माणूस बोलतच असे. त्याचं बोलणं संपेपर्यंत पेन्सिल बोटभर कमी झालेली असे. मग बाई मान वर करून म्हणत, "हाँ, अब बताइए, काम क्या था?"

मी एक्क्याण्णव साली लखनौला एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. तिथल्या हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा, सगळा कारभार पाठकबाईंकडे होता. हुद्दा अगदी साधा, टेक्निकल असिस्टंटचा. पण कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत आणि त्यांच्या सहीशिवाय गवताची काडीसुद्धा आत जात नसे. पाठक हे आडनाव तिकडेही असल्यामुळे नवीन माणूस त्यांना आपल्यातलंच समजे. "आप कन्नौज वाले पाठक हैं?" असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "अहमदनगर वाले." विचारणारा जरा गोंधळून म्हणे, "अच्छा, वो किधर पड़ा?" आणि बाई कामाला लागत. तीस वर्षं लखनौत काढूनही त्यांची हिंदी नगरच्या वळणाची होती, आणि मराठीत मात्र 'सब्जी', 'अच्छा', 'यार' हे शब्द येऊन बसले होते. मला रागावतानाही त्या "अच्छा, असं का?" म्हणत.

वाळवलेल्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून ते पाऱ्याच्या विषारी द्रावणातून काढावे लागत. ते काम बाई स्वतः करीत. हातमोजे घालत, नंतर तीनतीनदा हात धूत, तरी दुपारच्या डब्याला त्या एकट्याच बसत. कोणाचं घेत नसत, कोणाला देत नसत. "माझ्या हाताला विष आहे," असं अगदी सहज सांगत. मला वाटायचं, त्या द्रावणाबद्दलच बोलताहेत.

खोट्याची त्यांना चीड होती. एकदा आमच्यातल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने एक नमुना आणला. कुमाऊंच्या डोंगरातून आठ हजार फुटांवरून तोडला, असं सांगितलं. बाईंनी पान बोटांत धरलं, मुळाशी बघितलं आणि लेबलावर लिहिलं, 'स्थळ संशयास्पद'. झाड कुंडीतलं होतं. शास्त्रज्ञ थेट साहेबांकडे गेले. साहेबांनी बाईंना बोलावून समजुतीने सांगितलं, जाऊ द्या, सही करून टाका.

"सर, साइन तो मैं कर दूँगी," बाई म्हणाल्या. "पर पचास साल बाद कोई इसको ढूँढने पहाड़ पर जाएगा, उसका क्या?"

त्यांनी सही केली नाही. त्या वर्षीची त्यांची बढती गेली. मला म्हणाल्या, "खोट्या लेबलाची वनस्पती म्हणजे वैरण. म्हशीला घालावी."

त्यांचं आधीचं आयुष्य मला एका थंडीत कळलं. संस्थेच्या गच्चीवर आम्ही दोघी ओले टीपकागद उन्हात पसरत होतो. मी नगरकडे जाणार होते, तर तुम्हाला काही आणू का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "नगरचं मला काही नको." आणि मग, कागद पालथे करत करत, त्यांनी सांगून टाकलं. पुन्हा कधी त्या त्यावर बोलल्या नाहीत.

त्यांचे यजमान याच संस्थेच्या बागेत सुपरवायझर होते. पाठकांच्या घरात हे थोरले, म्हणून बाई थोरली सून. घराण्याच्या गौरी पितळी मुखवट्यांच्या, पाच पिढ्यांच्या. मान थोरल्या सुनेचा. लग्नानंतर आठ वर्षं बाई दर भाद्रपदात दोन दिवसांचा प्रवास करून नगरला जात आणि गौरी उभ्या करीत. "मला साडी नेसवायला फार आवडायचं," त्या म्हणाल्या. "निऱ्या अशा पडायच्या की बाई उभी आहे असंच वाटायचं. शेजारपाजारच्या बघायला यायच्या." बाईंच्या तोंडून 'फार आवडायचं' हे शब्द मी तेवढ्या एकदाच ऐकले.

त्या एकोणतीस वर्षांच्या असताना यजमान काविळीने गेले. मूलबाळ नव्हतं. संस्थेने त्यांच्या जागी बाईंना नोकरी दिली, नमुने चिकटवायच्या कामावर. पुढच्या भाद्रपदात त्या सवयीने नगरला गेल्या. स्वयंपाकघरात बसून पुरण वाटलं. गौरींना साडी नेसवण्याचं काम आता धाकटी जाऊ निर्मला हिच्याकडे होतं आणि तिला ते जमत नव्हतं. निऱ्या सुटत होत्या. बाई उठल्या, पुढे झाल्या आणि एक निरी सारखी केली. मुखवट्याची मान जरा कलली होती, ती सरळ केली.

"सासूबाई काही बोलल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "त्यांनी साडी उतरवली, मुखवटा काढला, गोमूत्राने धुतला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं मांडलं. बायका बघत होत्या. मग मला म्हणाल्या, शालू, तू आत बस."

बाई आत बसल्या नाहीत. पिशवी उचलून स्टेशनवर गेल्या.

पंचवीस वर्षांनी, त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात, त्याच गौरी त्यांच्याकडे आल्या.

चारबाग स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून एक लाकडी खोकं आलं. बाईंनी ते घरी न नेता हर्बेरियममध्येच उघडलं. आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेले दोन मुखवटे आणि निर्मलाबाईंचं पत्र. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. निर्मलाबाई आता मुलाकडे पुण्याला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होत्या. गुडघे दुखत होते. पुढे लिहिलं होतं, 'आता काळ बदलला आहे वहिनी. विधवा-सवाष्ण असलं काही आम्ही मानत नाही. थोरल्या तुम्ही, तेव्हा गौरींचा हक्क तुमचाच आहे.'

बाईंनी पत्र मला वाचायला दिलं आणि ब्लेड शोधायला लागल्या.

मी मुखवटे हातात घेतले. वजनदार होते. एक अगदी रेखीव होता. दुसऱ्याचा, ज्येष्ठेचा, डावा डोळा उजव्यापेक्षा स्पष्ट लहान होता. घडवणाऱ्याच्या हातून राहून गेलं असणार. त्यामुळे ती गौर काहीतरी आठवत असल्यासारखी दिसायची.

"तुम्हीच का बसवत नाही, बाई?" मी विचारलं. "हक्क आहे म्हणताहेत तर."

"मला तेव्हा हव्या होत्या," बाई म्हणाल्या. "आता त्या कोणालाच नकोत, म्हणून माझ्या."

तरी त्यांनी नीट विचार केला. आधी निर्मलाबाईंना लिहिलं, गौरी परत घ्या. उत्तराचं कार्ड आलं, 'इकडे जागा नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.' एका पुजाऱ्याने सांगितलं, गोमतीत सोडा. बाई पुलावर जाऊन बघून आल्या. "खाली पोरं बुड्या मारून नाणी काढतात," म्हणाल्या. "सकाळी सोडल्या तर दुपारी बाजारात दिसतील."

मग मीच सुचवलं, आपल्या मंडळाला द्या. लखनौत मराठी घरं थोडी, बहुतेक फौजेतली, हवाई दलातली आणि आमच्यासारखी संस्थांमधली. त्यांचं लहानसं मंडळ होतं आणि त्या वर्षी बायकांच्या मनात सार्वजनिक गौरी बसवायचं होतं. सरोजिनी नगरला अध्यक्षबाईंच्या घरी बैठक होती. मी पाठकबाईंना घेऊन गेले. त्यांनी खोकं टीपॉयवर ठेवलं आणि मुखवटे काढून दाखवले. बायका हरखल्या. कोणी हळद-कुंकू आणायला धावल्या.

एकीने विचारलं, "शेवटची पूजा कोणी केली होती?"

"माझ्या धाकट्या जावेने."

"त्यांच्याकडून सरळ मंडळाकडे आल्या असत्या तर..." ती अडखळली. "म्हणजे गैरसमज नको हं. आम्ही काही मानत नाही. पण पहिलंच वर्ष आहे."

अध्यक्षबाईंनी लगेच वाट काढली. "त्यात काय? वैशाली आहे ना. आधी वैशालीच्या ओटीत घालू, आणि तिच्या हातून मंडळाकडे. झालं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाठकबाईंनीही पाहिलं. मी म्हणाले, "चालेल."

मी तेव्हा तीस वर्षांची होते, लग्न झालेली, डॉक्टरेट केलेली. वादावादी टळतेय, काम होतंय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. बाईंनी मुखवटे उचलले, लुगड्यात गुंडाळले, खोक्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "मला निघायला हवं." कोणाला काही कळायच्या आत त्या फाटकाबाहेर होत्या. परतताना सवारीच्या टेम्पोत खोकं त्यांच्या मांडीवर होतं. आलमबागला टेम्पो थांबला.

"तू 'चालेल' म्हणालीस," त्या म्हणाल्या.

"बाई, काम व्हावं म्हणून मी..."

"अच्छा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला म्हणाल्या, "चल." का, कुठे, हे मी विचारलं नाही. चौक नावाच्या जुन्या बाजारापर्यंत रिक्षाने गेलो आणि पुढे गल्ल्यांतून चालत. चिकनच्या भरतकामाच्या दुकानांच्या मागे एक भांडीवाल्यांची गल्ली होती. दोन्ही बाजूंनी पितळेवर हातोडे पडत होते. बाई एका म्हाताऱ्या ठठेऱ्याच्या, म्हणजे पितळेची भांडी ठोकून घडवणाऱ्या कारागिराच्या दुकानात शिरल्या आणि लुगडं सोडलं.

म्हाताऱ्याने आधी कपाळाला हात लावून नमस्कार केला. "बहनजी, ये तो देवी हैं."

"पीतल है. गलाने को दे रही हूँ."

"मैं नहीं गलाऊँगा."

"क्यों?"

"चेहरा है इसमें."

"चेहरे का मोल नहीं माँग रही, भैया."

म्हातारा कितीतरी वेळ मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, शाबूत चेहरा मी भट्टीत घालणार नाही. तुम्हीच आपल्या हाताने मोडा. मोडल्यावर ते पितळ. मग मी घेईन. त्याला वाटलं असणार, बाई मागे फिरतील.

बाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला, डबी पर्समध्ये ठेवली. हातोडा घेतला. रेखीव मुखवटा ऐरणीवर पालथा न घालता उताणाच ठेवला आणि मारला. पहिल्या घावाला नाक बसलं. तिसऱ्या घावाला कपाळ आत गेलं आणि पत्रा फाटला. आजूबाजूचे हातोडे थांबले होते. बाईंनी ज्येष्ठेचा मुखवटा ऐरणीवर ठेवला आणि हातोडा माझ्यापुढे धरला.

"ही तू."

"बाई, नको."

"तुझा हात चालतो ना त्यांना."

मी मागे सरकले. मागे भांड्यांची चळत होती, ती माझ्या पाठीला लागून खणखणली. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि तोही मुखवटा त्यांनीच मोडला. घाम पुसला, चष्मा घातला. म्हातारा मोबदल्यात काही देऊ लागला तर "रहने दो" म्हणाल्या. येताना त्यांनी रिक्षा केली, आणि ती त्यांच्या एकटीची होती. मी बसने गेले.

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. त्या मला नमुने काढून देत, मी सह्या करीत असे. पण आम्ही दोघी जानकीपुरमलाच राहत होतो, हाकेच्या अंतरावर, त्यामुळे संबंध अगदी तुटला असं झालं नाही.

शहाण्णवच्या जूनमध्ये एका रविवारी त्यांच्या घरून निरोप आला, पाहुणे आहेत, चहाला ये. त्यांनी मला बोलावलं याचंच आश्चर्य वाटलं. गेले तर निर्मलाबाईंचा मुलगा मिलिंद आणि त्याची बायको रोहिणी बसले होते. मिलिंद पुण्यात एका कंपनीत होता. रोहिणी चोवीस-पंचवीसची, बारीक, जिन्याच्या कठड्याला धरून बसावं तशी खुर्चीच्या कडेला बसलेली. लग्नाला चार वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत.

"मोठ्या काकू, स्पष्टच बोलतो," मिलिंद म्हणाला. "आईने एका ज्योतिषांना दाखवलं. ते म्हणाले, घरातलं स्त्रीदैवत बाहेर गेलंय. ते घरात आलं की सगळं ठीक होईल. आईला फार लागलंय. तर गौरी परत न्यायला आलोय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला का बोलावलं ते कळलं. सत्य सांगताना त्यांना साक्षीदार हवा होता.

त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मिलिंदने घड्याळ पाहिलं. आईला पोचल्याचा फोन करायचा होता. कोपऱ्यावरचा फोनचा बूथ रविवारी बाराला बंद होतो, असं त्याने येतानाच विचारून ठेवलं होतं. तो बाहेर पडला. फाटकाचा आवाज आल्याबरोबर रोहिणी म्हणाली,

"काकू, नसतील तर नाहीत म्हणू नका."

"म्हणजे?"

"सासूबाई म्हणाल्यात, गौरी आल्या तर बघू. नाही आल्या तर दुसरा विचार करावा लागेल."

"कसला दुसरा विचार?"

रोहिणीने दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "नणंदेचं डोहाळजेवण झालं मार्चमध्ये. सगळा स्वयंपाक मी केला. बायका यायला लागल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तू आत बस."

बाई उठल्या. खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात गेले, कारण त्यांचा चेहरा मला दिसू नये असं मला वाटलं. त्यांनी हातोडा मारला होता सासूवर, निर्मलावर, थोडासा माझ्यावरही. घाव बसला होता तो या पोरीला, जी तेव्हा त्या घरात नुकतीच आली असेल.

मिलिंद परत आला तेव्हा बाई खुर्चीवर बसल्या होत्या. "गौरी बँकेच्या लॉकरमध्ये आहेत," त्या म्हणाल्या. "मॅनेजर रजेवर आहे. तुम्ही निघा. ही वैशाली गणपतीला महाराष्ट्रात जाते, तिच्याबरोबर पाठवते."

कुंडीतल्या एका झाडासाठी बढती घालवलेली बाई हे सहज बोलली. मी मान डोलावली. पुन्हा एकदा 'चालेल' म्हणाल्यासारखीच.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या गल्लीत गेलो. म्हाताऱ्याने बाईंना ओळखलं. "आप वही हैं न?" एवढंच म्हणाला. बाईंनी संस्थेच्या कागदावर दोन्ही मुखवटे पेन्सिलीने काढून नेले होते, समोरून आणि बाजूने, मापांसकट. तीन वर्षांनी, आठवणीतून. म्हाताऱ्याने कागद उलटसुलट पाहिले आणि ज्येष्ठेच्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"ये आँख छोटी है."

"हाँ, वैसी ही बनानी है."

"ऐब वाली देवी मैं नहीं बनाऊँगा, बहनजी. एक बार आपने मुझसे बहुत करवा लिया."

बाईंनी पुष्कळ समजावलं. तो ऐकेना. मुखवटे दीड महिन्याने तयार झाले. नाक, ओठ, कान, सगळं जुन्यासारखं, फक्त ज्येष्ठेचे दोन्ही डोळे सारखे. बाईंनी ते घरी नेऊन चिंच-राखेने पुन्हापुन्हा घासून आणि वर धूर देऊन इतके जुने केले की पाच पिढ्यांचे हात लागले असावेत असं वाटावं. खोक्यावर त्यांच्या सुबक अक्षरात चिठ्ठी लावली, 'पाठक घराण्याच्या गौरी'. लावताना मला म्हणाल्या, "निर्मला डोळा बघितल्याबरोबर ओळखेल. ओळखू दे. मला शिव्या देईल, पोरीचं नाव निघणार नाही."

गणपतीच्या आधी मी पुण्याला त्यांच्या फ्लॅटवर गेले. निर्मलाबाई गोऱ्या, ठसठशीत, बोलायला अगदी मोकळ्या. त्यांनी माझी ओटी भरली. पाटावर तांदूळ पसरून मुखवटे काढले. ज्येष्ठेचा मुखवटा दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडात नेला.

"हीच गं बाई, हीच," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तेज बघ, तसंच आहे. पंचवीस वर्षं मी यांना पुसलंय."

रोहिणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती मुखवट्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

लखनौला परतल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं.

"डोळ्याकडे बघितलं तिने?"

"उजेडात धरून बघितलं."

"आणि?"

"हीच, म्हणाल्या."

बाई म्हणाल्या, "आठ वर्षांत मला त्या डोळ्याची पापणी न् पापणी पाठ झाली होती. माझा हात लागला म्हणून धुतली. आणि ज्यांचा हात चालत होता त्यांनी तिच्याकडे बघितलंच नव्हतं."

गौरी घरात आल्या. तीन भाद्रपद त्यांची साग्रसंगीत पूजा झाली. रोहिणीला मूल झालं नाही. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर, बाई निवृत्त झाल्या त्या सुमारास, तिचं पत्र आलं. बाईंनी ते मला दाखवलं. चारच ओळी होत्या. 'काकू, गौरी घरी नव्हत्या तोपर्यंत लोक म्हणत, गौरी नाहीत म्हणून असं होतंय. आता त्या आल्या, तरी झालं नाही. म्हणजे दोष माझाच, असं सगळ्यांचं ठरलं. मी बार्शीला आईकडे आले आहे. कागद वकिलाकडे आहेत.'

बाईंनी पेन्सिल घेतली नाही, ब्लेड घेतलं नाही. संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीचं, उभ्याउभ्या जायचं का होईना, तिकीट काढून आणायला माझ्या नवऱ्याला पाठवलं. साठाव्या वर्षी, तीस वर्षांनंतर, त्या सासरच्या माणसांच्या दारात जाणार होत्या.

आठवड्याने परत आल्या. मी भेटायला गेले तेव्हा गव्हाचं पीठ चाळत होत्या. चाळता चाळताच सांगितलं.

"मी निर्मलाला म्हटलं, या त्या गौरी नव्हेत. त्या मी मोडल्या, माझ्या हाताने. या लखनौच्या बाजारातल्या आहेत. तेव्हा यांच्या येण्या-न येण्याने काही सिद्ध होत नाही, त्या पोरीला बोलावून घ्या."

"मग?"

"हसली. म्हणाली, वहिनी, वय झालं तुमचं. पंचवीस वर्षं मी पुसल्यात त्या. तुम्ही मला सांगता? मी म्हटलं, ज्येष्ठेचा डावा डोळा लहान होता, आठव. तर म्हणाली, छे, काहीतरीच. आमच्या ज्येष्ठेच्या चेहऱ्यात खोट कधीच नव्हती." बाईंनी चाळण आपटली. "मिलिंद घरात होता. बाहेरच आला नाही. निघताना तिने माझ्या हातावर प्रसाद सोडला. वरून."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. मे महिन्यात सामान गेल्यावर मी बाईंचा निरोप घ्यायला गेले. त्या खाटेवर बसून बार्शीला पत्र लिहीत होत्या. दर महिन्याला लिहिते, म्हणाल्या.

"काय लिहिता?"

"तेच. तुझा दोष नाही, आणि का नाही ते."

"उत्तर येतं?"

"नाही."

"रागावली असेल."

"असेल ना. खोटं मी बोलले, भोगलं तिने."

मला त्या सरोजिनी नगरच्या दिवसाबद्दल काही म्हणायचं होतं. सहा वर्षं राहिलं होतं. "बाई, तेव्हा मी..." एवढंच बोलले.

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "त्याला उशीर झाला." आवाजात राग नव्हता. माफीही नव्हती. मी वाकले तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आणि हातही माझ्या डोक्यावर ठेवला नाही.

पत्र टाकायचं होतं म्हणून त्या माझ्याबरोबरच बाहेर पडल्या. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी रिक्षात बसले. बाई काळी छत्री उघडून पुढच्या चौकातल्या टपालपेटीपर्यंत चालत गेल्या. माझी रिक्षा त्यांच्या बाजूने गेली तेव्हा त्यांनी पाकीट फटीत सोडलं होतं. मग छत्री खांद्याला टेकवून त्यांनी हात फटीत कोपरापर्यंत घालायचा प्रयत्न केला, पत्र खरंच खाली पडलं का, मध्येच अडकलं, हे चाचपून बघायला. हात मनगटापाशी अडला. त्या तशाच उभ्या होत्या, गाल तापलेल्या पत्र्याला टेकवून, आत बोटं हलवत.